सर्व्हरच्या सेटिंग्जची फाइल ठेवायची कुठे? एका बुडालेल्या संगणकावरून शिकलेला धडा



बारावीच्या आयटी विषयात पीएचपी आहे. त्यामुळे आपली मुलं झॅम्प इन्स्टॉल करतात, कंट्रोल पॅनल उघडतात, अपाचीसमोरचं स्टार्ट बटण दाबतात आणि ते हिरवं झालं की खूश होतात. आपणही पुढे जातो. पण या सर्व्हरला कोणत्या फोल्डरमधलं पान दाखवायचं, किती मोठी फाइल स्वीकारायची, डेटाबेसचा पासवर्ड काय, हे सगळं कुठून कळतं? आणि जिथून कळतं ती फाइल कुठे असते, कुठे असायला हवी? या प्रश्नावर तासाला आपण सहसा थांबत नाही. मीही थांबत नव्हते. थांबले असते तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझी जी फजिती झाली ती झाली नसती. ती आधी सांगते, म्हणजे पुढचा भाग कशासाठी वाचायचा ते कळेल.

एक छोटी सूचना. फाइल आणि फोल्डरची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत दिसतील. "/ईटीसी" म्हणजे आधी तिरकी रेघ आणि मग ई, टी, सी ही तीन अक्षरं.

मी पूर्वी पंचगंगेच्या काठावरच्या एका गावातल्या शाळेत होते. तिथे एका जुन्या संगणकावर उबुंटू घालून मी लॅबचा सर्व्हर केला होता. त्यावर मूडल होतं: मुलांच्या चाचण्या, गुण, आणि त्यांनी अपलोड केलेले प्रकल्पांचे फोटो. बदली होऊन निघताना मी भिंतीवर एक कागद चिकटवला. दर शनिवारी पेन ड्राइव्हवर दोन गोष्टी घ्यायच्या, एक डेटाबेसची प्रत आणि दुसरं संपूर्ण "/ईटीसी" फोल्डर. तिथले क्लार्क भाऊसाहेब अगदी नेमाचे. एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.

ऑगस्टमध्ये पाणी आलं. लॅब तळमजल्यावर. सर्व्हरचा डबा पूर्ण बुडाला, पण पेन ड्राइव्ह भाऊसाहेबांच्या घरी माडीवर सुखरूप. पाणी ओसरल्यावर दुसरा संगणक आला, तासाभरात उबुंटू चढलं, अपाची आणि पीएचपी फुकट उतरवून घेतले, डेटाबेसची प्रत भरली. मूडल काही चालेना. मला फोन आला.

"मॅडम, तुम्ही सांगितल्यापरमानं सगळं घेतलंय की ओ. ईटीसीत अपाचीचं नावच न्हाई."

नव्हतंच. कारण सर्व्हर लावताना मला अपाचीची जरा नवी आवृत्ती हवी होती. ती मी मूळ कोडवरून स्वतः बांधली होती आणि घाईत माझ्या नावाच्या होम फोल्डरमध्ये ठेवली होती. तिची सेटिंग्ज तिथेच, मूडलची कॉन्फिग फाइल तिथेच, आणि मुलांचे फोटोही तिथेच. कागदावर लिहिताना मी पुस्तकी नियम लिहिला, केलं मात्र भलतंच. चाचण्या आणि गुण परत मिळाले. फोटो गेले. सेटिंग्ज मी दोन आठवडे संध्याकाळी बसून आठवून आठवून लिहिली.

सेटिंग म्हणजे काय, हे मुलांना कसं सांगायचं

मी वर्गात पुराचंच उदाहरण देते, कारण ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५. आता बघा, काम करायची रीत दोन्हीकडे एकच आहे. पाणी अमुक आकड्याला आलं की लोकांना सावध करा, तमुक आकड्याला आलं की हलवा. रीत एक, पण आकडे गावागणिक वेगळे. ती रीत म्हणजे प्रोग्रॅम. ते आकडे म्हणजे कॉन्फिगरेशन. आणि बंधाऱ्यावर दर तासाला मोजलेली पातळी वहीत लिहितात, ती नोंद म्हणजे डेटा.

अपाची जगभर एकच आहे. तो कोणत्या पोर्टवर ऐकणार, हे "लिसन ८०" अशी एक ओळ ठरवते. लॅबमध्ये ८० क्रमांकाचं पोर्ट दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने अडवलेलं असतं, तेव्हा आपण तिथे ८०८० करतो. प्रोग्रॅमला हात लावलेला नाही, फक्त आकडा बदलला. हा आकडा फक्त त्या एका मशीनपुरता खरा असतो.

या तिघांत फरक हा की प्रोग्रॅम हरवला तर पुन्हा उतरवता येतो. डेटाची काळजी सगळ्यांना असते, बॅकअप म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात तोच येतो. मधली ही छोटीशी फाइल, चार-पाच केबींची, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि डेटा कुठे ठेवला आहे हे सांगणारी ओळ बहुतेक वेळा तिच्यातच असते.

दप्तर कुणाच्या घरी?

इतिहास शिकवणारे सहकारी इथे मान डोलावतील. गावचं दप्तर पूर्वी कुलकर्ण्याकडे असायचं. वतन वंशपरंपरेचं, त्यामुळे कागदांचे रुमाल बहुधा त्याच्या घरीच. कोणाची जमीन किती, सारा किती, हे विचारायला त्याच्या ओसरीवर जायचं. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. त्यामागची सामाजिक कारणं फार मोठी आहेत, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या कामापुरतं एवढंच घेऊ की तलाठी बदलून जातो, दप्तर जात नाही. ते माणसाच्या घरात नसून पदाच्या जागी असतं.

त्याहून उपयोगी उदाहरण म्हणजे आजचे गाव नमुने. गाव नमुना ६ म्हटलं की फेरफार. ७ म्हटलं की अधिकार अभिलेख, १२ म्हटलं की पिकांची नोंद, आणि दोन्ही मिळून आपला सातबारा. ८अ म्हणजे खातेदाराच्या नावावरची एकूण जमीन. नवा तलाठी चंदगडचा असो की शिरोळचा, "फेरफार कुठे बघायचा" हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. आकड्यांमध्ये काही जादू नाही. ६ ऐवजी १६ ठरलं असतं तरी चाललं असतं. सगळीकडे तेच आहे, यात त्याचा उपयोग आहे.

मी माझ्या होम फोल्डरमध्ये सर्व्हरची सेटिंग्ज ठेवली, तेव्हा मी कुलकर्णी झाले होते. दप्तर माझ्या ओसरीवर, आणि मी दुसऱ्या तालुक्यात.

"वगैरे" नावाचं फोल्डर

लिनक्समध्ये ही पदाची जागा म्हणजे "/ईटीसी". नाव आलंय लॅटिन "एट सेटेरा" वरून, म्हणजे चक्क "वगैरे". बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं तेव्हा जे दुसरीकडे कुठे बसेना ते या फोल्डरमध्ये टाकत. सुरुवातीला तर काही प्रोग्रॅमही त्यातच असत. हळूहळू त्यात फक्त सेटिंग्ज उरली. पुढे कुणीतरी या तीन अक्षरांचा "संपादन करता येणारी मजकुरी सेटिंग्ज" असा इंग्रजी विस्तार जुळवला. मुलांना तो आवडतो, लक्षातही राहतो, पण तो मागाहून लावलेला अर्थ आहे हे त्यांना सांगावं. परीक्षेत कुणी तो मूळ अर्थ म्हणून लिहिला तर मी अर्धा गुण कापते.

लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी फोल्डरांची आपापली मांडणी करायला सुरुवात केली तशी गोंधळाची भीती वाटू लागली. मग फेब्रुवारी १९९४ मध्ये एक लेखी प्रमाण निघालं. आज ते फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड म्हणून ओळखलं जातं. त्याची ३.० ही आवृत्ती जून २०१५ ची. ते वाचायला रूक्ष आहे, पण म्हणणं सोपं आहे. या एका मशीनपुरती सेटिंग्ज "/ईटीसी" मध्ये, आणि तिथे चालवायचे प्रोग्रॅम ठेवायचे नाहीत. सतत बदलणाऱ्या गोष्टी, लॉग वगैरे, "/व्हार" मध्ये. वितरणाकडून आलेले प्रोग्रॅम "/यूएसआर" मध्ये, आपण स्वतः बांधलेले "/यूएसआर/लोकल" मध्ये. बाहेरून एकगठ्ठा आलेलं पॅकेज "/ऑप्ट" मध्ये असेल तर त्याची सेटिंग्ज "/ईटीसी/ऑप्ट" मध्ये.

म्हणजे मी स्वतः बांधलेल्या अपाचीलाही जागा ठरलेली होती. मूळ कोडवरून बांधताना काहीच सांगितलं नाही तर अपाची स्वतःहून "/यूएसआर/लोकल/अपाची२" मध्ये बसतो आणि त्याची सेटिंग्ज त्यातल्या "कॉन्फ" फोल्डरमध्ये जातात. मी मुद्दाम जागा बदलली होती, कारण त्या वेळी प्रशासकाचा पासवर्ड टाकायचा कंटाळा आला होता. दुसरं कारण नाही.

प्रमाण असलं तरी सगळं एकसारखं मात्र नाही. उबुंटू आणि डेबियनमध्ये अपाचीचं फोल्डर "/ईटीसी/अपाची२", तर रेड हॅटच्या घराण्यात "/ईटीसी/एचटीटीपीडी". आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर बेतलेलं आहे, त्यामुळे तिथे पहिलं. फ्रीबीएसडीवाले जास्त काटेकोर: मूळ प्रणालीची सेटिंग्ज "/ईटीसी" मध्ये आणि नंतर घातलेल्या सर्व सॉफ्टवेअरची "/यूएसआर/लोकल/ईटीसी" मध्ये. घरची भांडी एका फळीवर, लग्नात आलेली दुसऱ्या फळीवर.

पोस्टग्रेएसक्यूएलचं तर दोन ठिकाणी दोन तऱ्हा आहेत. त्याच्या निर्मात्यांच्या मूळ रचनेत सेटिंग्जची फाइल डेटाच्या फोल्डरमध्येच असते. डेबियन आणि उबुंटू तिला तिथून उचलून "/ईटीसी/पोस्टग्रेएसक्यूएल" खाली ठेवतात. दोन्हींमागे विचार आहे. डेटा आणि त्याची सेटिंग्ज एकत्र असली तर एकाच मशीनवर दोन डेटाबेस चालवणं सोपं जातं. पण मशीन सांभाळणाऱ्या माणसाला सगळी सेटिंग्ज एका छपराखाली हवी असतात. शाळेसाठी मला दुसरी रीतच बरी वाटते. आपल्याकडे डेटाबेस एक आणि सांभाळणारी माणसं बदलती.

झॅम्पमध्ये काय होतं

आपली बहुतेक मुलं विंडोजवर शिकतात, त्यामुळे त्यांच्यासमोर हे चित्रच येत नाही. झॅम्प सगळं एकाच सी ड्राइव्हवरच्या झॅम्प फोल्डरमध्ये ठेवतो. अपाचीची मुख्य फाइल "अपाची" मधल्या "कॉन्फ" फोल्डरमध्ये. पीएचपीची आयएनआय फाइल थेट "पीएचपी" फोल्डरमध्ये. मायएसक्यूएलची सेटिंग्ज तर "बिन" मध्ये, म्हणजे जिथे चालणारे प्रोग्रॅम असतात तिथेच. मुलांची पानं "एचटीडॉक्स" मध्ये, आणि डेटाबेसचा डेटा "मायएसक्यूएल" मधल्या "डेटा" फोल्डरमध्ये. वर कंट्रोल पॅनलवर "कॉन्फिग" असं बटण असतं. ते दाबलं की फाइल नोटपॅडमध्ये उघडते, म्हणजे ती कुठे आहे हे बघायचीही गरज नाही.

याला मी नावं ठेवत नाही. शिकण्यासाठी ही सोय उत्तम आहे. अख्खं फोल्डर पुसलं की सगळं गेलं, पुन्हा घातलं की सगळं आलं. पण नवी आवृत्ती घालायला मुलं जुनं फोल्डर पुसतात आणि मग "मॅडम, माझा प्रोजेक्ट गेला" म्हणून रडकुंडीला येतात. प्रोग्रॅम, सेटिंग आणि डेटा एकाच डब्यात असले की असंच होणार. भाजी, आमटी आणि ताक एकाच डब्यात भरून नेल्यासारखं.

आता लिनक्सच्या लॅबमधला एक प्रसंग. एका मुलाला मूडलवर तीन एमबीचा फोटो चढवायचा होता. पीएचपीची मूळ मर्यादा दोन एमबीची असते. त्याने आयएनआय फाइल शोधली, दोनचे वीस केले, सेव्ह केलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला.

"मॅडम, बदलून बघितलं की ओ, होईनाच झालंय!"

फाइल उघडून पाहिली तर वीस लिहिलेलं. मग कुठे चुकलं? उबुंटूमध्ये पीएचपीच्या आयएनआय फाइली दोन असतात. "/ईटीसी/पीएचपी" मध्ये आवृत्तीच्या क्रमांकाचं फोल्डर, आणि त्यात "अपाची२" व "सीएलआय" अशी दोन फोल्डर. पहिल्यातली फाइल वेब सर्व्हरसाठी, दुसरीतली टर्मिनलवरून पीएचपी चालवण्यासाठी. त्याने दुसरी बदलली होती. टर्मिनलवर "पीएचपी" लिहून पुढे दोन आडव्या रेघा आणि "आयएनआय" लिहिलं की कुठली फाइल वाचली ते दिसतं, पण ते टर्मिनलवाल्या पीएचपीचं उत्तर असतं. वेब सर्व्हरला विचारायचं असेल तर "पीएचपीइन्फो" चं एक ओळीचं पान करून ब्राउझरमध्येच उघडायचं आणि "लोडेड कॉन्फिगरेशन फाइल" ही ओळ वाचायची. (नंतर ते पान पुसायचं. त्यात सर्व्हरची बरीच घरची माहिती असते.)

मला ही सवय मुलांना लावावीशी वाटते. फाइल कुठे असायला हवी ते पुस्तकातून कळतं, पण ती प्रत्यक्षात कुठून वाचली जाते ते सर्व्हरलाच विचारावं. अपाचीला "अपाचीसीटीएल" च्या पुढे आडवी रेघ आणि मोठा व्ही लावून विचारता येतं. एन्जिनएक्सला आडवी रेघ आणि छोटा टी. पोस्टग्रेएसक्यूएलला तर सरळ "शो" म्हणून "कॉन्फिग अंडरस्कोर फाइल" विचारायचं. भिंतीवर कागद चिकटवण्यापूर्वी मी हे एकदा केलं असतं तर माझंच मला उत्तर मिळालं असतं.

पाठ्यपुस्तक आणि टाचण

अपडेटची भीती पालकांनाही असते. "अपडेट केलं की सेटिंग्ज जातात का हो मॅडम?" उत्तर असं की आपण ती कुठे लिहिली त्यावर आहे.

आपल्याला बालभारतीचं पुस्तक मिळतं. ते छापणाऱ्यांचं आहे, पुढच्या वर्षी नवी प्रत येईल. आपल्या खुणा, आपली उदाहरणं आपण टाचणाच्या वहीत लिहितो. पुस्तकातच लिहिलं तर नवी प्रत आली की सगळं गेलं. लिनक्समधली सिस्टिमडी नावाची व्यवस्था नेमकी अशी चालते. पॅकेजसोबत आलेली सेवेची फाइल "/यूएसआर" खाली असते, ती छापील प्रत. त्याच नावाची फाइल आपण "/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम" मध्ये ठेवली तर आपली चालते, त्यांची नाही. सगळी फाइल लिहायची नसेल तर दोन ओळींचा तुकडा वेगळा ठेवता येतो, तेवढ्याच ओळी बदलतात. अपडेट आलं तर "/यूएसआर" मधली प्रत बदलेल, टाचण तसंच राहील.

डेबियन घराण्यात "/ईटीसी" मधल्या फाइलींबद्दलही शिस्त आहे. आपण फाइल बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदलून आली असेल, तर अपडेट थांबतं आणि विचारतं: तुमची ठेवू की नवी घेऊ? काहीच न लिहिता एंटर दाबलं तर आपलीच राहते. मुलं हा प्रश्न आला की घाबरून वाय दाबतात. तिथे एन आहे, एवढं त्यांच्या वहीत लाल शाईने लिहून द्या.

अपाचीमध्ये अजून एक गंमत आहे, ती शिक्षकांना लगेच कळेल. डेबियनच्या अपाचीत साइट्सची दोन फोल्डर असतात, उपलब्ध साइट्स आणि चालू साइट्स. पहिलं म्हणजे हजेरीपटावरची नावं, दुसरं म्हणजे आज वर्गात असलेली मुलं. चालू फोल्डरमध्ये खरी फाइल नसते, पहिल्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नुसती खूण असते. साइट बंद करायची तर खूण काढायची, नाव खोडायचं नाही.

पासवर्ड दारात ठेवू नका

सेटिंग्जच्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड असतो. वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल आणि मूडलची कॉन्फिग फाइल या परंपरेने "/ईटीसी" मध्ये नसतात, त्या त्या सॉफ्टवेअरच्या मुख्य फोल्डरमध्येच असतात. बऱ्याच ठिकाणी ते फोल्डर म्हणजेच वेबसाइटचं दार असतं. फाइल पीएचपीची आहे तोवर ठीक, कारण सर्व्हर ती चालवतो, आतला मजकूर दाखवत नाही. पण एखादा हुशार विद्यार्थी बदल करण्यापूर्वी तिची प्रत काढून तिला टीएक्सटी नाहीतर बीएके असं शेपूट लावतो. आता ती साधा मजकूर झाली. नाव ओळखून पत्ता टाइप केला की जगातल्या कुणालाही पासवर्ड वाचता येतो. ही चूक मी आमच्या लॅबमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की आता तपासणीत पहिल्यांदा तेच बघते.

वर्डप्रेस आपली कॉन्फिग फाइल एक पायरी वर, दाराबाहेर ठेवायला परवानगी देतं. वर ठेवली तरी ते शोधतं. मूडल चालवणाऱ्यांना अपलोडच्या फोल्डरबद्दल हीच ताकीद असते की ते वेबवरून उघडता येईल अशा जागी नको. शक्य असेल तिथे असंच करावं. फाइल वाचायची परवानगीही फक्त सर्व्हरला आणि सांभाळणाऱ्याला असावी.

या सगळ्यावर एक वेगळं मतही आहे, आणि ते जोरात आहे. २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीतल्या मंडळींनी "ट्वेल्व्ह फॅक्टर" नावाने बारा सूत्रं मांडली. त्यात म्हटलंय की सेटिंग्ज फाइलीत नकोतच, सर्व्हर सुरू करताना वातावरणातून, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या. त्यांची कसोटी मला फार आवडते: तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर उघडा केला तर एकही पासवर्ड बाहेर पडणार नाही ना? मुलांच्या प्रकल्पांना ही कसोटी जरूर लावा, कारण आता तीही आपला कोड गिटहबवर टाकतात. पण ज्या शाळेत सर्व्हर एकच आहे आणि तो क्लार्क भाऊसाहेब सांभाळतात, तिथे वातावरणातली सेटिंग्ज दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पेन ड्राइव्हवर कॉपीही होत नाहीत. शेवटी ती कुठल्या तरी फाइलीत लिहावीच लागतात, आणि मग ती फाइल कुठे, हा प्रश्न पुन्हा पहिल्या जागी येतो. शाळेसाठी मी "/ईटीसी" च सांगेन.

त्या गावातल्या सर्व्हरची मांडणी आम्ही नंतर बदलली. अपाची आता वितरणाचाच आहे, त्याची सेटिंग्ज "/ईटीसी/अपाची२" मध्ये. मूडलचं अपलोड फोल्डर "/व्हार" खाली, आणि शनिवारच्या कागदावर त्याचं नाव तिसऱ्या क्रमांकावर. एक गोष्ट तेव्हाही जवळजवळ सुटली होती. एखाद्या वापरकर्त्याने आपल्या नावाने लावलेली क्रॉनची वेळापत्रकं "/ईटीसी" मध्ये नसतात, "/व्हार/स्पूल" मध्ये असतात. ती आम्ही "/ईटीसी" मधल्या सामाईक क्रॉन फोल्डरमध्ये हलवली. आणि पेन ड्राइव्ह आता कुलपात असतो, कारण "/ईटीसी" मध्ये वापरकर्त्यांचे पासवर्डही, गुंतवलेल्या रूपात का होईना, असतात. लॅब वरच्या मजल्यावर गेली आहे.

पुढच्या प्रात्यक्षिकाला करून बघा

तुमच्या लॅबमध्ये झॅम्प असो वा लिनक्स, मुलांच्या जोड्या करा. जोडीतल्या एकाने सर्व्हरची तीन सेटिंग्ज बदलायची: पोर्ट, पानांचं फोल्डर आणि अपलोडची मर्यादा. काय बदललं आणि कुठे, हे फक्त आपल्या वहीत लिहायचं. मग जागा बदलायची. दुसऱ्याने वही न बघता, सर्व्हरला विचारून, तिन्ही बदल शोधायचे आणि प्रत्येक फाइलचा पूर्ण मार्ग लिहायचा. त्यानंतर एका कागदावर फक्त तेवढेच मार्ग लिहून तो तिसऱ्या जोडीला द्यायचा. त्यांनी त्या कागदावरून, तोंडी एकही शब्द न विचारता, दुसऱ्या मशीनवर तोच सर्व्हर उभा करायचा. आमच्याकडे एका तासिकेत पुरं झालं नाही, दोन लागल्या. पहिल्या खेपेला आठपैकी तीनच जोड्यांचा सर्व्हर उभा राहिला. उरलेल्या पाचांच्या कागदावर काय लिहायचं राहिलं होतं, यावर दुसरी तासिका सगळी गेली.